इन्सब्रुकला जाण्याआधी सबनीसकाका

सबनीसकाकांनी माझी पर्स आजवर कितीतरी वेळा मारली आहे, आणि दर वेळी वर चहा पाजून परत केली आहे.

काका इथले, अमेरिकेतल्या शॉमबर्गमधले आमचे शेजारी. आमच्या समोरच्या रांगेतलं कोपऱ्यावरचं घर त्यांचं. वय ऐंशीच्या आसपास. सगळी नोकरी पुलांची डिझाइन्स करण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम अंगावर घेतलं: इथून युरोपला जाणाऱ्या एकाही मराठी माणसाला फसू द्यायचं नाही. उन्हाळ्यात कोणी आल्प्सच्या बाजूला निघालंय असं मंडळाच्या ग्रुपवर दिसलं, की त्या घरी काकांचा फोन गेलाच म्हणून समजा.

"तिकिटं काढलीत ना? मग रविवारी दुपारी या. सगळे या. आणि पर्स, पाकिटं घेऊन या."

यंदा आम्ही जुलैत इन्सब्रुकला जायचं ठरवलं आणि आमच्यावर ही पाळी आली. माझा नवरा निखिल तसा शूर माणूस. तो म्हणाला, "काका, मी यूट्यूबवर सगळं बघितलंय."

"यूट्यूब तुझ्या खिशात हात घालतं का?" काका म्हणाले. "मी घालतो."

आणि खरोखरच त्यांनी घातला. निखिलला कळलं तेव्हा त्याचं पाकीट देव्हाऱ्यात गणपतीच्या शेजारी होतं.

काकांच्या दिवाणखान्याचं दर रविवारी इन्सब्रुक होतं. सोफा म्हणजे स्टेशन, जेवणाचं टेबल म्हणजे केबल कारची रांग, ओट्यासमोरची चिंचोळी जागा म्हणजे जुन्या शहरातली गल्ली. सगळी भामटी पात्रं काका एकटेच करतात. डोक्यावरून काकूंची शाल घेतली, की ते सह्या गोळा करणारी गरीब बाई होतात. टोपी तिरकी केली, की खोटे तिकीट तपासनीस. "टिकेट! फाइन! कॅश!" असं ओरडतात. तो उच्चार जर्मन असल्याचं ते सांगतात. मला त्यात सांगलीच जास्त ऐकू येते.

त्यांचा सगळ्यात आवडता धडा पक्ष्याच्या शिटेचा. मागून येऊन ते तुमच्या खांद्यावर चमचाभर दही टाकतात. खरं दही. मग कळवळून म्हणतात, "अरेरे, पक्ष्यानं घाण केली हो! थांबा, थांबा, मी पुसतो." आणि इतक्या मायेनं पुसतात, की आपण थँक्यू म्हणून मोकळे होतो. तोवर पर्स काकांच्या स्वेटरखाली गेलेली असते. माझे दोन चांगले कुडते या धड्यात कामी आले. मी तक्रार केली तर म्हणाले, "डाग निघेल. पासपोर्ट परत येत नाही."

हे असं पुसून झालं, की ते खुर्चीत बसून आपलं लाडकं वाक्य टाकतात. "परक्या गावात कोणी आपली काळजी घ्यायला लागलं, की समजावं, आपण गेलो."

या सगळ्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी काका-काकू ऐन हंगामात इन्सब्रुकला गेले होते. सगळी हॉटेलं भरलेली, म्हणून काकांनी नेटवर बघून एक सुंदर अपार्टमेंट घेतलं होतं. बाल्कनी, समोर बर्फाचे डोंगर, खिडकीत लाल फुलं. बॅगा ओढत पत्त्यावर पोचले तर तिथे दातांचा दवाखाना! काका फोटो दाखवत रिसेप्शनिस्टशी भांडत राहिले. काकूंनी वेटिंग रूममध्ये बसून दशम्यांचा डबा उघडला, आणि जरा वेळानं ती रिसेप्शनिस्टही दशमी खात होती. तिनंच मग कुठल्याशा नात्यातल्या बाईकडे त्यांची सोय लावून दिली. काकू ही गोष्ट सांगताना दर वेळी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. काका कधीच हसायचे नाहीत. इंजिनिअर माणूस, पत्त्यावर घर नसतं हे त्यांना सहनच झालं नाही.

काकू गेल्या आणि वर्ग लांबायला लागला. आधी तासाभरात सुटका व्हायची. आता आपण उठायला लागलो, की काकांना काहीतरी आठवतं. "अरे, एटीएम राहिलं. मशीननं डॉलर की युरो विचारलं, तर युरो म्हणायचं." एटीएम झालं, की टॅक्सी राहिलेली असते. टॅक्सी झाली, की पोहे टाकतात. निखिल घरी येऊन चिडायचा, "यार, आपण आठवडाभर जातोय, स्थायिक व्हायला नाही." मीही चिडायचे. पण मागे वळून बघितलं की काका दारात उभे असायचे, आणि मग पुढच्या रविवारी आम्ही मुकाट्यानं दह्याला खांदा द्यायला हजर.

मग एका रविवारी शेवटचा धडा होता: घरचा प्रश्न.

"समजा, फोन आला," काका म्हणाले. "मी तुमचा अमुक, परगावी अडकलोय, पैसे पाठवा. आवाजाची नक्कल हल्ली मशीनसुद्धा करतं. मग काय करायचं? ज्याचं उत्तर फक्त घरच्यांना माहीत आहे, असा प्रश्न विचारायचा. ठरवा तुमचा प्रश्न."

मी आणि निखिल प्रश्न ठरवता ठरवता भांडलो, कारण आमची पहिली भेट कुठे झाली यावर आमचं अजून एकमत नाही. काका खूश होऊन ऐकत होते, तेवढ्यात त्यांची लँडलाइन वाजली. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर घेतात.

"हाय आजोबा, इट्स नील."

नील म्हणजे काकांच्या मुलीचा, सिअ‍ॅटलच्या मेधाचा, कॉलेजात जाणारा मुलगा. फोनवरचा आवाज चांगला भरदार होता. मुलगा घाईघाईनं इंग्रजीत सांगत होता, की तो इन्सब्रुकमध्ये आहे, स्टेशनवर बॅग गेली, फोन आणि पाकीट त्यातच होतं, हॉस्टेलच्या फोनवरून बोलतोय, आणि मॉम हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर आहे, उचलत नाहीये.

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी आमच्याकडे बघून डोळा मारला. शिकवता शिकवता खराखुरा नमुना हाती लागला होता.

"आय सी," काका म्हणाले. "तू नील आहेस, तर सांग, माझं गाव कुठलं?"

"अं... निअर पुणे?"

"सांगलीला पुण्याजवळ म्हणतोय," काका आमच्याकडे वळून कुजबुजले. "बरं, मी सकाळी उठल्यावर काय पितो?"

"कॉफी?"

"मेथीचं पाणी!" काका विजयी आवाजात म्हणाले.

तो मुलगा म्हणाला, "आजोबा, आस्क मी समथिंग अबाउट मी."

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आम्हाला वाटलं, ते नामी प्रश्न शोधताहेत. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "व्हॉट डू यू स्टडी?"

"जिऑलॉजी."

"माझा नातू कॉम्प्युटर शिकतो," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला. "बघितलंत? आणि नीलचा आवाज असा नाही. बारीक आहे, मुलीसारखा."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मीच आधी वाजवल्या, हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

चहा उकळत होता तेव्हा मेधाचा फोन आला. ती हसत होती. "बाबा, अहो, तुम्ही नीलला फ्रॉड म्हणालात? तो खरंच तिकडे आहे. आता ठीक आहे, पासपोर्ट हॉस्टेलच्या लॉकरमध्ये होता, मित्रानं कार्ड दिलंय. कोणीतरी जॅकेटवर काहीतरी उडवलं म्हणे, दुसरा पुसायला आला, आणि बॅग गेली."

काकांनी विचारलं, "त्यानं जिऑलॉजी कधी घेतलं?"

"मागच्या वर्षीच की. सांगितलं नव्हतं मी?"

"आणि युरोपला कधी गेला?"

"बाबा, सगळं इतकं घाईत ठरलं ना..." मेधाचा आवाज जरा खाली आला. "तुमचा नंबर त्याला अजून पाठ आहे बरं का. लहानपणी आईनं गाण्यासारखा पाठ करून घेतला होता. माझा सोडला तर दुसरा कुठलाच नंबर त्याला येत नाही."

फोन ठेवल्यावर काका ओट्याशी जाऊन उभे राहिले. चहा उतू जात होता, तो निखिलनं बंद केला.

"सगळ्या शॉमबर्गला शिकवलं मी," काका म्हणाले. "त्याला सोडून." मग म्हणाले, "तो म्हणाला, माझ्याबद्दल विचारा. मला काहीच सुचेना गं. काय विचारणार? मला त्याचं काय ठाऊक आहे?"

मला फार वाईट वाटलं. मी काहीतरी बोलले, मुलं अशीच असतात, वगैरे. त्याचा काही उपयोग नव्हता, आणि ते त्यांनाही कळत होतं. त्या दिवशी त्यांनी आम्हाला थांबवून घेतलं नाही.

त्या आठवड्यात मी त्यांना डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरच्या देशी दुकानात भाजी आणायला घेऊन गेले. एरवी पार्किंगपासून दुकानापर्यंत ते मला हात पर्सवर ठेवायला लावतात. त्या दिवशी मी पर्स गाडीच्या टपावर विसरले तरी ते काही बोलले नाहीत, नुसती उचलून माझ्या हातात दिली.

घरी आलो तर आन्सरिंग मशीनचा दिवा लुकलुकत होता. काकांनी बटण दाबलं. नीलच होता. इंग्रजीत म्हणत होता, हाय आजोबा, हा खरंच मी आहे. मी बरा आहे. तुम्ही फोन ठेवलात ते बरोबर केलंत, मित्रांना सांगितलं तर म्हणाले, युवर ग्रँडपा इज स्मार्ट. मग पुढे काय बोलावं हे त्याला सुचलं नसावं. श्वास ऐकू आला, मागे कोणीतरी हाक मारली, तो "ओके, बाय आजोबा" म्हणाला आणि मशीन थांबलं.

काकांच्या हातात मेथीची पिशवी तशीच होती. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा. मी भाज्या फ्रिजमध्ये लावल्या, दूध ठेवलं, पिशव्यांच्या घड्या केल्या. मशीन चालूच होतं. ते कानाजवळ धरून, डोळे मिटून, ओठ किंचित हलवत काका उभे होते.

"काका, त्याला उलट फोन लावू का?" मी विचारलं.

"तो नंबर हॉस्टेलचा. आता पुढच्या गावाला गेला असेल." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "तू जा घरी, उशीर होईल तुला. मी जरा आवाज पाठ करतोय. पुन्हा कधी फोन आला, तर त्याला काही विचारायची वेळ येऊ नये."

मी दार ओढून घेतलं. बाहेर पायऱ्यांपर्यंत नीलचा आवाज येत होता: हाय आजोबा, हा खरंच मी आहे.