लाल्या-बांड्या शाळेत जातात

"जगात ढ कोणीच नसतं! जे येत नाही ते सरावानं येतं!" शालिग्राम मास्तरांनी टेबलावर मूठ आपटली. (टाळ्या. त्यांच्याच.) सन छत्तीस. मास्तर ट्रेनिंग घेऊन धनजच्या शाळेत नुकतेच परतले होते आणि आत्मविश्वास त्यांच्या अंगावर उसन्या कोटासारखा घोळत होता.

समोर बबनराव उभे. लेक विजयमाला हिला शाळेतून काढायला आलेले.

"पोट्टीले पाढे येत नाई, मास्तर. वावरात कापूस तरी येचन."

"पाढे येतील! सराव हवा!"

"असं? मंग माह्या लाल्या-बांड्याले शिकवा. गाडीले जुपले का जाग्यावर बसतेत. शंकरपटाच्या शर्यतीत धावले तं पोट्टी शाळेत. नाई तं वावरात!"

"शिकवतो!"

बैलांना पाढे विचारत नाहीत, एवढाच मास्तरांना दिलासा.

सराव सुरू. रोज सकाळी बबनरावांच्या गोठ्यापासून शाळेच्या दारापर्यंत छकडा. बैल बसले तरी मारायचं नाही. उलट कौतुक! "वा! कालच्यापेक्षा उशिरा बसलात!" शाळेत पोचलं की दारालगतच्या टेबलाजवळ सरकीची ढेप. गाव हसून हसून लोळलं.

पण बैल चालू लागले. मग दुडक्या चालीनं. मग असे, की मास्तरांची टोपी रोज दुसऱ्याच्या वावरात सापडायची!

पटाचा दिवस. माळावर ही गर्दी. झेंडी पडली आणि लाल्या-बांड्या तोफेच्या गोळ्यासारखे सुटले!

"पाहा, बबनराव! पाहा!" मास्तर छकड्यातून किंचाळले.

अर्ध्या पटावर बैल वळले.

"अरे, इकडे नाही! सरळ! सरळ रे बाबांनो!"

कासरा ओढला. उपयोग शून्य. भज्यांची कढई उलटली, भजीवाल्या धुरपताबाईंच्या शिव्या मागे पडल्या, आणि छकडा थेट शाळेकडे! चाकं दारात अडकली. मास्तर उडून फळ्याखाली. बैल टेबलाशी, हजेरी द्यायला आल्यासारखे, ढेपेची वाट पाहत उभे.

मागून धापा टाकत बबनराव आले. बैलांकडे पाहिलं. डोळे पाणावले.

"मास्तर, मानलं! जनावरं सोताहून शाळेत येऊन राह्यले, तं माह्यी पोट्टी काहून शिकनार नाई? उद्यापासून धाडतो!"

बापामागून धावत आलेल्या विजयमालेनं आनंदानं कासरा उचलला. "मास्तर, हाकनं तुमाले येत नाई. उद्या पुन्हा जुपू. मी शिकोते!"

मास्तर फळ्याला घट्ट चिकटले.

"नको गं माझे आई! हे असलं उपजतच अंगात असावं लागतं!"