कर्लू लॉजमधले तीन चेहरे

कल्पना करा, बाळांनो, की माणसाची तब्येत कशी आहे हे माणसाला विचारण्याची गरजच उरलेली नाही. दंडावर एक चकती चिकटवायची. ती रक्तातली साखर मोजते आणि आकडा थेट सेविकेच्या हातातल्या टॅबलेटवर जातो. आकडा चारच्या खाली (म्हणजे आपल्याकडच्या मापाने सत्तरच्या आसपास) गेला, साखर धोक्याइतकी उतरली, की टॅबलेट केकाटतो. विज्ञानाने आणखी काय करायचं?

इंग्लंडमधल्या स्कारबरोजवळच्या कर्लू लॉज या वृद्धाश्रमात ही सोय होती. पण वृद्धाश्रम सुसंस्कृत होता. नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवणं म्हणजे माणसाचा अपमान, म्हणून नियमावलीत पहिली पायरी अशी घातली होती: टॅबलेट केकाटल्यास वृद्धास 'कसं वाटतंय?' असं विचारावं आणि पडद्यावरच्या हिरव्या, पिवळ्या किंवा लाल चेहऱ्यांपैकी एक दाबावा. हिरवा दाबला की टॅबलेट अर्धा तास गप्प. (रस, साखर, डॉक्टर वगैरे पायऱ्या लाल चेहऱ्यानंतर येतात.)

आता त्या भागात 'मला बरं नाही' हे शब्द माणूस मेल्यावरच उच्चारायची रीत आहे, तेही हळू आवाजात. त्यामुळे तीन महिन्यांत टॅबलेट दोनशे बारा वेळा केकाटला आणि दोनशे आठ वेळा हिरवा चेहरा दाबला गेला. (उरलेल्या चारांपैकी दोघी झोपल्या होत्या, एकांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं आणि एका आजोबांनी चहा मागितला. हे सगळं पिवळ्यात गेलं.) आश्रमाने अठ्ठ्याण्णव टक्के समाधानाचं प्रमाणपत्र दारात लावलं. लाल चेहरा अजून कोरा करकरीत होता.

त्या गुरुवारी आठ वर्षांची हेटी शाळेतून थेट आजीला भेटायला आली. आजी, म्हणजे विनिफ्रेड, दुपारचं इन्सुलिन घेऊन बसली होती आणि जेवण मात्र तिने 'कुणाला त्रास नको' म्हणून तसंच परत पाठवलं होतं. तिच्या ओठांवर घाम होता. कप बशीवर वाजत होता.

"पेगी, दार लाव गं," आजी म्हणाली. पेगी आजीची बहीण. तिला जाऊन वीस वर्षं झाली होती.

टॅबलेट केकाटला. बावीस म्हाताऱ्यांची एकटी काळजी घेणारी ग्लेंडा धापा टाकत आली. पडद्यावर २.९ होता.

"विनी, राणी, कसं वाटतंय?"

"तक्रार करण्यासारखं काही नाही. तू बस जरा, दमलीस."

ग्लेंडाने हिरवा चेहरा दाबला. आजीने आपल्याला पेगी म्हटलं, हे हेटीने तिला सांगितलं.

"त्याला रकाना नाही, बाळा," ग्लेंडा म्हणाली आणि सातव्या खोलीकडे धावली, कारण तिथेही कुणीतरी अगदी मजेत होतं.

हेटी आजीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग तिने दप्तरातून सफरचंदाच्या रसाचा खोका काढला, नळी टोचली आणि आजीच्या ओठांना लावली. आजी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. पंधरा मिनिटांत घाम थांबला, आकडा ४.६ झाला आणि आजीने विचारलं, "हेटी, तू कधी आलीस?"

ग्लेंडा परतली, रिकामा खोका पाहिला आणि मटकन खाली बसली. पण नोंद तर पुरी व्हायला हवी. टॅबलेट आता भेटीला आलेल्यांचा अभिप्राय मागत होता.

"तुला कसं वाटलं, बाळा?" ग्लेंडाने हळूच विचारलं.

हेटीने आजीचा हात घट्ट धरून ठेवला होता. आजी तिच्याकडे बघून मान हलवत होती: हिरवा दाब, शहाण्या मुली तोच दाबतात.

वाचकहो, आज सकाळी तुम्हाला कुणी 'कसं काय?' विचारलं, तेव्हा तुम्ही कोणता दाबलात, ते मी विचारत नाही.

हेटीने लाल दाबला. साऱ्या इमारतीत घंटा घणघणू लागली. ती बंद कशी करायची, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.