हिरोनं दाबलेलं बटण

"ह्यो पिच्चर पडला, तर तंबू गुंडाळायचा आन् सांगलीला माझ्या भावाच्या गादीवर बसायचं," असं रहिमतबीनं सकाळच्या चहाबरोबरच नवऱ्याला, चांदसाहेबाला, सुनावलं. भाऊ म्हणजे अजमल, बेदाण्याचा व्यापारी. त्याच्या गादीवर बसायचं म्हणजे दिवसभर बेदाणा चाखून 'लय गोड' म्हणायचं आणि मेव्हण्याला 'शेठ' म्हणायचं. पहिलं चांदसाहेबाला जमलं असतं.

चांदसाहेबाचा तासगावात बाजाराच्या कडेला सिनेमाचा तंबू होता. अठ्ठ्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यापर्यंत घरोघरी केबल शिरली होती आणि तंबूत माणसांपेक्षा कुत्री जास्त बसायची. म्हणून त्यानं सांगलीच्या वितरकाकडून थेट इंग्रजी पिच्चर आणला. पोस्टरवर जळतं हेलिकॉप्टर, बंदुका, मागं निम्मं शहर उडालेलं. वितरक म्हणाला होता, अतिरेकी कंप्युटरवरून अख्खं शहर ताब्यात घेतात. असला पिच्चर तुमच्या तालुक्यानं आजवर बघितला नसेल. तेवढं मात्र खरं निघालं.

पहिल्याच खेळाला पाऊण पिच्चर सरला तरी हेलिकॉप्टर काही येईना. एक टकला खुर्चीत बसून बटणं बडवत होता. तो अतिरेक्यांचा म्होरक्या. दुसरीकडं एक चष्मेवाला तशाच खुर्चीत बसून तशीच बटणं बडवत होता. तो हिरो. दोघांची गाठ पडायचं लक्षण दिसत नव्हतं. आता इंग्रजी पिच्चर असला की चांदसाहेब स्वतः माईकवर बसून मराठीत गोष्ट सांगायचा, ही त्या तंबूची रीत. कर्णा बाहेर उंच बांबूवर, म्हणजे तिकीट न काढणाऱ्यालाही चटक लागावी. कुठल्याही गोष्टीत तो पदरची दोन भांडणं आणि एक सासू घालायचा. पण इथं त्यानंही हात टेकले.

"आता त्यो बटण दाबतोय," तो सांगत होता. "अजून दाबतोय. अजून हायतच बटणं."

"आवं चांदसाहेब," मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यो अतिरेकी हाय का सोसायटीचा क्लार्क?"

लोक धोतर झटकत उठायला लागले. चांदसाहेबाच्या डोळ्यांपुढं बेदाण्याचे ढीग आले. पडद्यावर टकल्यानं एक बोट उंच धरलं होतं आणि शहराची वीज घालवतो असं काहीसं तो गुरगुरत होता. चांदसाहेबानं माईक तोंडाशी ओढला आणि जिवावर उदार होऊन ठोकून दिलं, "त्यो म्हणतोय, निसतं ह्ये शहर काय घालीवतो, संगं तासगावबी घालीवतो. आन् ह्ये बगा, दाबलं."

टकल्यानं दाबलं, आणि अख्खं तासगाव अंधारात गेलं.

तंबू गेला, बाजार गेला, एसटी स्टँड गेलं, लांबवर गणपतीच्या देवळाचं गोपूर दिव्यांसकट गेलं. वीजघरात एक वटवाघूळ तारांना चिकटलं होतं, हे पुढं कळलं. पण तोवर ते ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. उठलेली माणसं होती तिथं बसली, कुणी चपला काढल्या.

"त्याला आपल्या गावाचं नाव कसं ठावं?" एकानं कुजबुजत विचारलं.

"कंप्युटर हाय गड्या. त्याला समदं ठावं असतंय."

थोड्या वेळानं वीज आली, मशीन फिरलं आणि पडद्यावर पहिला दिसला तो चष्मेवाला, घामाघूम होऊन बटणं बडवताना. म्हणजे गावाला उजेड कुणी आणला हे सांगायची गरजच उरली नाही. एका म्हाताऱ्यानं पागोटं सारखं करून त्याला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सावळज, मणेराजुरी, कुठून कुठून ट्रॅक्टर भरून माणसं आली. रहिमतबीनं स्वतः तिकिटं फाडली. चांदसाहेब मात्र पांढरा पडला होता, कारण रोज वटवाघूळ कुठून आणायचं? तो थेट वीजघरातल्या जोतीरामकडं गेला. जोतीराम वायरमन होता आणि त्याची बायको तंबूत सतरंजीवर बसावं लागतं म्हणून कुरकुरायची. तिला पुढची खुर्ची आणि रोज एक गोळी सोडा, एवढ्यावर सौदा ठरला. कर्ण्याचा आवाज वीजघरापर्यंत लख्ख जायचा. चांदसाहेबानं इकडं 'दाबलं' म्हणायचं, जोतीरामनं तिकडं दांडा ओढायचा आणि एक विडी संपली की परत चढवायचा.

खेळामागून खेळ हाऊसफुल्ल गेले. पिच्चर वाईट आहे हे सगळ्यांना मान्य होतं, पण तो बघून आलेला माणूस घरी दबक्या आवाजात बोलायचा. गिरणीवाला निम्मं दळण गिरणीच्या दगडांत अडकलं तरी भांडायला आला नाही; त्यानं अदबीनं विचारलं की टकल्याला जरा उशिरा दाबायला सांगता येईल का. जोतीरामचा हात तर इतका बसला, की घरी कुणी 'पाय दाब' म्हटलं तरी तो दचकायचा.

आणि मग एक दिवस खडकबोरीचे नानासो आले. सरपंच माणूस, अंगापिंडानं दांडगा. पण चांदसाहेबापुढं ते हात बांधून उभे राहिले.

"चांदसाहेब, आमच्या गावचा डीपी दिवाळीपासनं जळालाय, समदं गाव अंधारात हाय. हापिसात चपला झिजल्या. तुमी त्यो पिच्चर आमच्याकडं आणा. टकल्याचं काय काम न्हाई. हिरोला तेवढं बटण दाबू द्या."

खरं सांगावं, तर तंबूची अब्रू जाणार. न सांगावं, तर खडकबोरीत जाणार. त्यानं पळवाट काढली, की वीजच नाही तर मशीन चालणार कशावर? नानासोंनी लग्नमांडवाचा जनरेटर आधीच ट्रॅक्टरवर चढवून आणला होता.

जोतीरामनंही हात वर केले. वीज घालवणं त्याच्या हातात होतं. जळालेला डीपी जिवंत करणं त्याच्या बापाच्या हातात नव्हतं. रहिमतबीला सगळं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अजमलला सांगावा धाडते. गादीवरची धूळ झटकून ठेव म्हणावं."

ठरल्या दिवशी चांदसाहेब तंबू, मशीन आणि कर्णा घेऊन दुपारीच निघाला. खडकबोरीत शिरताना तो दारादारात डोकावत गेला. घराघरात नवे बल्ब लागले होते. नानासोंनी दवंडी पिटवली होती, की समद्यांनी घरातली बटणं चालू ठेवून तंबूत यायचं. पार म्हातारीकोतारी उचलून आणली होती. दिवस मावळला आणि खेळ सुरू झाला. टकला आला, गेला. त्याला कुणी विचारलं नाही. सगळं गाव श्वास धरून चष्मेवाल्याची वाट बघत होतं.

शेवट जवळ आला. चष्मेवाल्याचं बोट उचललं गेलं. चांदसाहेबानं जमेल तेवढा वेळ काढला; हिरोला आई आठवली, बहिणीचं लग्न आठवलं, सासू तर दोनदा आठवली. मग बोट खाली यायला लागलं आणि उपाय सरला. त्यानं डोळे मिटले आणि रडव्या आवाजात माईकमध्ये म्हणाला, "दाबलं."

मिटल्या पापण्यांतून त्याला उजेड दिसला.

तंबूच्या उघड्या कडांतून बघितलं, तर खडकबोरी पेटून उठल्यासारखी लखलखत होती. घरं, गोठे, देऊळ, पाण्याची टाकी. कुणाच्या तरी घरातला रेडिओ आपोआप बोलायला लागला. बाया पदर डोक्यावरून घेऊन नुसत्या बघत राहिल्या. आणि ह्या सगळ्यातलं खोटं ठाऊक असलेला तंबूतला एकमेव माणूस, चांदसाहेब, पडद्यापुढं गुडघे टेकून बसला.

झालं होतं ते असं. सिनेमावाला खडकबोरीत वीज आणणार, ही कुणकुण सांगलीच्या मोठ्या साहेबाला लागली. कार्यालयाशिवाय वीज आली तर उद्या लोक विचारतील, मग तुम्ही कशाला? दिवाळीपासून न सापडलेला नवा डीपी खेळाच्या दिवशी दुपारी सापडला. गाव तंबूत असताना ट्रक मागच्या वाटेनं ओढ्याकाठी आला. जोतीरामनं जोडणी केली, दांड्यावर हात ठेवला आणि थांबला.

"चालू कर की," साहेब म्हणाले.

"थांबा साहेब, अजून दाबलं न्हाई."

"कुणी?"

जोतीरामनं नुसतं कर्ण्याकडं बोट केलं. कर्ण्यातून हिरोच्या सासूचं कौतुक चाललं होतं. साहेब दोनदा ओरडले, पण तो हात 'दाबलं' ऐकल्याशिवाय हलणारा राहिलाच नव्हता.

हे सगळं जोतीराम सकाळी सांगायला आला, पण चांदसाहेबानं त्याला बोलू दिलं नाही. "ऱ्हाऊ दे गड्या," तो म्हणाला, "आमी डोळ्यांनी बगितलंय."

तंबू गुंडाळून न्यायला आलेला अजमल आपला टेम्पो घेऊन दारात उभा होता. रहिमतबीनं त्याला चहा दिला आणि टेम्पो रिकामाच परत ने म्हणाली. पण अजमल हलेना. तो चांदसाहेबाच्या जवळ सरकला, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "चांदशेठ, त्यो चष्मेवाला बेदाण्याच्या भावाचं काय बगतो का?"