सेक्रेटरींच्या भिंतीवरचा मोती

सिस्टरनी टेलरबाईंकडून आलेली पिशवी टेबलावर उलटी केली आणि आतून फूल पडलं. मरून मखमलीचं, हिरव्या देठाचं, अगदी सोज्वळ फूल. सिस्टरनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी फूल सांगितलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं योनीचं कापडी मॉडेल, उद्याच्या वर्गात मोठ्या माणसांना नीट समजावून सांगता यावं म्हणून.

"अगं बाई!" टेलरबाई फोनवर किंचाळल्या. "म्हणजे तुमचं ते सेक्रेटरींच्या घरी गेलं की हो!"

टेलरबाईंना चिंधीसुद्धा वाया घालवायचा तिटकारा. उरलेल्या तुकड्यांचं फूल शिवायचं आणि गिऱ्हाइकाला फुकट द्यायचं, हा त्यांचा शिरस्ता. सेक्रेटरींच्या बायकोनं सोफ्याच्या उशांना मखमल दिली होती. तिच्या तुकड्यांत फूलही झालं आणि सिस्टरचं मॉडेलही. एकच कापड, एकच रंग, त्यात घाई. पिशव्या भरताना अदलाबदल झाली, झालं!

आता जायचं जायचं तर नेमकं त्याच घरी जावं? बिल्डिंगचा हॉल सेक्रेटरींनी 'आरोग्यविषयक वर्ग' म्हणून आनंदानं दिला होता. त्यांना वाटलं ब्लडप्रेशर असेल. नवरा-बायकोनं एकमेकांना काय आवडतं, काय नको, हे मोकळेपणानं कसं विचारायचं, असा विषय आहे हे कळल्यावर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हॉलला कुलूप लागलं. "काही अश्लील दिसलं तर वर्ग कायमचा बंद," असा वर दमही.

पण सिस्टर दमाला भिणाऱ्यातल्या नव्हत्या. उभा जन्म त्यांनी बायकांच्या वॉर्डात काढला होता. "कुठं दुखतंय?" विचारलं की चांगल्या शिकलेल्या बायका "तिथं... खाली" म्हणून भिंतीकडे तोंड फिरवायच्या. एक जण तर लाजत लाजत इतकी उशिरा आली, की करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या बाईचा सिस्टरना अजून राग यायचा. तिचा नव्हे, त्या लाजेचा. हॉल नाही तर नाही, जिन्यात घेईन, पण वर्ग घेईनच, असं त्यांनी ठरवलं होतं. मॉडेल तेवढं गुपचूप परत मिळायला हवं होतं.

सेक्रेटरींच्या घरात शिरल्या आणि सिस्टर दारातच थबकल्या. मॉडेल सोफ्याच्या वर, भिंतीवर, मधोमध लटकत होतं. खाली सेक्रेटरी आणि सोसायटीचे खजिनदार चहा पीत बसले होते.

"या सिस्टर, तुमचाच विषय चाललाय," सेक्रेटरी म्हणाले. "वर्ग कायमचा बंद करायचा, असं ठरतंय आमचं."

"ते असू द्या. मी आपली... हे फूल..."

"बघितलंत? खिळा मी स्वतः ठोकला! याला म्हणतात अभिरुची. नाहीतर तुमचे ते भलते विषय."

"कमळ असावं," खजिनदार मान तिरकी करून म्हणाले.

"छे हो, गुलाब. पाकळ्या बघा ना कशा एकात एक. आणि तो मोती! काय नेमक्या जागी बसवलाय. आल्या आल्या नजर तिथंच जाते."

हसू दाबता दाबता सिस्टरच्या नाकी नऊ आले. "टेलरबाईंची चूक झाली हो. माझं आहे ते. मी घेऊन जाते," असं म्हणून त्यांनी हात वर केला.

सेक्रेटरी ताडकन उठले. "अहो, अहो! विचारल्याशिवाय हात लावता? समोरच्याला हवंय की नकोय, आधी विचारायची पद्धत असते की नाही?"

सिस्टरनी हात खाली घेतला. गुपचूप न्यायचा बेत त्यांनी तिथंच सोडून दिला.

"असते ना. उद्या हेच शिकवणार आहे मी. आणि ते फूल नाही, सेक्रेटरी. ती योनी आहे. तुमच्या आईला, माझ्या आईला, सगळ्या बायकांना असते तीच. आणि तो मोती शोभेचा नाही. बाईच्या सुखाची जागा आहे ती."

खजिनदारांना असा ठसका लागला, की चहा नव्या उशीवर सांडला. सेक्रेटरी आधी लाल झाले, मग पांढरे. "काढा! आधी काढा ते! माझ्या घरात..."

"थांबा," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. सेक्रेटरींची बायको बिस्किटांची बशी घेऊन उभी होती. "उशा माझ्या, कापड माझं. मला विचारलंत?"

"अगं, पण ते काय आहे कळलं का तुला?"

"आत्ता कळलं. या वयात!" तिनं बशी टेबलावर आपटली. "सिस्टर, ते मोत्याचं परत एकदा सांगा."

"वहिनी, सावकाश सांगेन. यांची तर नजर आल्या आल्या तिथंच जाते म्हणे."

"भिंतीवर असला की जाते," वहिनी म्हणाल्या.

खजिनदार उठले आणि चपला हातात घेऊनच पळाले.

दुसऱ्या दिवशी हॉलचं कुलूप जागच्या जागी होतं आणि किल्ली सेक्रेटरींच्या खिशात. ते फिरून परत आले तेव्हा त्यांच्याच दारात चपलांचा ढीग पडला होता. आत सोफ्यावर, खुर्च्यांवर, जमिनीवर बिल्डिंगमधल्या बायका बसल्या होत्या. त्यांतल्या दोघींचे नवरेही कोपऱ्यात मूग गिळून बसले होते. सिस्टर भिंतीजवळ उलथनं घेऊन एकेक भाग नावानिशी दाखवत होत्या. सगळ्यांत पुढं टेलरबाई, आपल्या शिवणकामाकडे कौतुकानं बघत.

सेक्रेटरी उंबऱ्यावर घुटमळले. स्वतःच्या घरात शिरताना त्यांनी आजवर कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"येऊ का?"

वहिनींनी क्षणभर विचार केला. "आत्ता नको. आधी मला माझे प्रश्न विचारू देत."

सेक्रेटरींनी काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या. "बरं," म्हणाले आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले.

"बघितलंत?" सिस्टर बायकांकडे वळल्या. "'नको' म्हटलं, त्यांनी ऐकलं, आणि घर काही कोसळलं नाही. हं वहिनी, विचारा."

वहिनींनी घसा साफ केला. इतक्यात बाहेरून आवाज आला.

"सिस्टर, जरा मोठ्यानं बोला! जिन्यात ऐकू येत नाहीये."