काटा स्थिर होईपर्यंत

"बाबा, यंदा तरी येताय का? एवढंच सांगा."

"कॅप्टन आहे गं अजून," ऑस्विन मेटकाफ म्हणाले आणि फोनमधल्या नातीला हात हलवून दाखवला. नात चार वर्षांची होती, न्यूझीलंडमध्ये राहत होती, आणि आजोबा हा काचेच्या आत राहणारा माणूस असतो अशी तिची समजूत होती.

"मग जिंकू द्या ना दुसऱ्या कोणाला!" त्यांची मुलगी फिलिपा चिडून म्हणाली.

यॉर्कशरमधल्या स्कार्बेक गावात दर मे महिन्यात लांब धनुष्याची स्पर्धा होते. निशाणाच्या मधोमध काळा ठिपका असतो. त्यात पहिला बाण मारील तो वर्षभराचा कॅप्टन. कॅप्टनने पुढची स्पर्धा भरवायची, म्हणजे कुरण मिळवायचं, तंबू ठोकायचे, साठ जणांच्या चहाची सोय करायची आणि साठही जणांच्या तक्रारी ऐकायच्या. शिवाय वर्षभर एकही रात्र गावाबाहेर काढायची नाही. स्कॉटलंडवाले चाल करून आले तर कॅप्टन हाताशी असावा म्हणून चारशे वर्षांपूर्वी केलेला हा नियम. ते अजून आलेले नाहीत, पण म्हणून नियम मोडायचा असं थोडंच आहे? संध्याकाळी सहाच्या घंटेपर्यंत ठिपका कोरा राहिला, तर जुनाच कॅप्टन पुढे चालू.

मेटकाफांचं हे पाचवं वर्ष होतं. स्कार्बेकचे धनुर्धर अत्यंत अचूक होते. ठिपक्याभोवती बोटभर अंतरावर बाण लावत जायचं आणि ठिपका कोरा ठेवायचा, हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. कोणी मुद्दाम चुकवतं असं मात्र कोणी कधी बोललं नव्हतं. गावात अशा गोष्टी वाऱ्यावर ढकलतात.

म्हणून डिसेंबरात क्लेमेंट पिल्बीम गावात राहायला आले तेव्हा मेटकाफ स्वतः केक घेऊन त्यांच्या दारी गेले. पिल्बीम वजनमापे खात्यातले निवृत्त इन्स्पेक्टर. गावची रीत त्यांना ठाऊक नव्हती. असा माणूस रोज मिळत नाही.

"बाणाकडे बघायचं नाही. ठिपक्याकडे बघायचं," मेटकाफांनी पहिल्या दिवशी सांगितलं.

"मग बाण कुठे चाललाय हे कळणार कसं?"

"गेल्यावर कळतं."

पिल्बीमनी ते वहीत टिपून घेतलं. पाय कसे ठेवायचे, दोरी ओठांच्या कोपऱ्यापर्यंत कशी आणायची, सगळं ते चटकन शिकले. अडलं ते एकाच ठिकाणी. धनुष्य ओढलं की ते तसंच धरून उभे राहत.

"अहो, सोडा! ओढलं की सोडायचं. ताणून धरलं की लाकूड थकतं, आणि माणूस लाकडाच्या आधी."

"काटा स्थिर झाल्याशिवाय आकडा वाचायचा नाही, साहेब. छत्तीस वर्षांची सवय आहे."

मग हात थरथरायचा आणि बाण काटेरी झुडपात जायचा. हिवाळा असा गेला. दोरी लागून पिल्बीमच्या हातावर वांग्याच्या रंगाचा डाग उठला. त्यांनी तो मोजला. सव्वापाच इंच.

स्पर्धेच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि पान हलत नव्हतं. पंच मिसेस ओल्डरॉइड, वय एक्क्याऐंशी, छत्री उघडून खुर्चीत बसल्या होत्या. प्रत्येकाच्या बाणावर त्याचं नाव होतं. संध्याकाळपर्यंत ठिपक्याभोवती बाणांचं कुंपण झालं. रेग डिन्सडेल खाटकाचा एक बाण ठिपक्याला चाटून गेला, तेव्हा तो मटकन गवतात बसला.

"वारा," तो म्हणाला.

"वाराच," सगळे म्हणाले.

सहाला दोन मिनिटं कमी असताना पिल्बीम शेवटच्या बाणाला उभे राहिले. त्यांनी ओढलं, आणि धरलं. मेटकाफांच्या खिशात न्यूझीलंडच्या विमानांचं वेळापत्रक होतं.

"सोडा!"

"काटा हलतोय अजून." पिल्बीमनी धनुष्य खाली घेतलं.

पाच महिने जपलेला संयम त्या क्षणी सुटला. मेटकाफांनी धनुष्य बाणासकट त्यांच्या हातातून हिसकावलं. "विचार कसला करताय! हे असं! ओढलं, सोडलं!"

थप्प.

बाण ठिपक्याच्या बरोबर मधोमध उभा होता. मेटकाफांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. सहावं वर्ष.

मिसेस ओल्डरॉइड काठी टेकत निशाणापर्यंत गेल्या, चष्मा पुसला आणि बाणावरचं नाव वाचलं. "सी. पिल्बीम!"

साठ जणांनी टाळ्या वाजवल्या.

"बाई, चूक होतेय," पिल्बीम म्हणाले. "बाण माझा आहे, पण मारला मेटकाफसाहेबांनी."

"कोणी पाहिलं असेल तर बोला," बाई म्हणाल्या. "पण वाद झाला तर उद्या सगळी स्पर्धा पुन्हा. पहिल्या बाणापासून."

शंभर यार्डांवरून ठिपक्याची कड हेरणारे साठ जण. डिन्सडेलच्या डोळ्यात अचानक कचरा गेला. पाद्रीबुवा बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या बुटांना नाडी नव्हती.

"साहेब, तुम्ही तरी सांगा," पिल्बीम म्हणाले.

मेटकाफांना फोनची काच आठवली. मग त्यांनी मान खाली घातली. "हो. मीच मारला."

"ऑस्विन, तू गप्प बस," बाई म्हणाल्या. "तुझा यात स्वार्थ आहे. तुझी साक्ष चालत नाही."

आणि सहाची घंटा झाली.

पिल्बीमनी विचारलं, "नियम कुठे लिहिलेत?" मेटकाफांनी नियमांची वही त्यांच्या हातात ठेवली. ती त्यांनी त्या रात्री पहिल्या पानापासून वाचली. वही सांभाळणाऱ्या कॅप्टनांपैकी ती वाचणारे ते पहिलेच.

आठ दिवसांनी मेटकाफ बॅग घेऊन टॅक्सीची वाट बघत होते. समोर पबच्या दारावर लावलेल्या कागदाभोवती गर्दी होती.

'नियम पहिला : ठिपका सहा इंचांचा असावा. सध्याचा मोजला असता अडीच भरला. दरवर्षी रंगवताना तो लहान होत गेलेला दिसतो. पुढील वर्षी नियमाप्रमाणे. सी. पिल्बीम, कॅप्टन.'

"सहा इंच!" डिन्सडेल ओरडला. "मग तो चुकवायचा कसा?"

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. चारशे वर्षांत हे पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्याने बोललं होतं.

टॅक्सी आली. मेटकाफांनी परतीचं तिकीट जूनअखेरचं काढलं होतं. ते पुढच्या वर्षीच्या जूनअखेरचं करून मिळेल का, एवढंच त्यांनी विमानतळावर गेल्या गेल्या विचारलं.