दैनंदिन बाळगावयाचा चाकू

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी टपालकाकांच्या डाव्या अंगठ्याला कापलं. जखम एवढीशी होती. काकांनी अंगठा तोंडात घातला, दोनदा चोखला आणि पुढचं पार्सल ओढलं. प्रकरण तिथंच मिटायचं, पण रक्ताचा एक थेंब टेबलावरच्या फायलीवर पडला होता, आणि तोही नेमका 'तातडीचे' या शिक्क्यावर. ज्या फायलीवर हा शिक्का असतो तिला सहसा कोणी हात लावत नाही. ही मात्र डाग पाहायला म्हणून तीन टेबलांवर फिरली आणि संध्याकाळपर्यंत सुरक्षा अधिकाऱ्यांकडे पोचली.

टपालकाका हे नोंदणी कार्यालयाच्या टपाल खोलीचे प्रमुख. खोलीत ते एकटेच असल्यामुळे प्रमुखपदावरून वाद नव्हता. बाहेरगावाहून येणारी पोती आणि पार्सलं उघडायची, आतले कागद निवडायचे आणि ज्याचे त्याला पोचवायचे, हे काम ते एकोणतीस वर्षं करत होते. सुतळी कापायला त्यांच्याकडे करवतीच्या पात्याचा एक तुकडा होता. एका बाजूने घासून धार काढलेली, दुसऱ्या बाजूला चिकटपट्टी गुंडाळलेली. आधीच्या टपालकाकांनी निवृत्त होताना तो त्यांच्या हाती सोपवला होता.

सुरक्षा अधिकारी नुकतेच तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि तेव्हापासून एखाद्या अपघाताची वाट पाहत होते.

"कशानं कापलं?" त्यांनी विचारलं.

"पात्यानं."

"ते मंजूर साधन आहे?"

"साधन कसलं साहेब, तुकडा आहे."

"म्हणजे एकोणतीस वर्षं तुम्ही कार्यालयाचं टपाल तुकड्यानं उघडताय?"

असं विचारल्यावर आपण आजवर काहीतरी भयंकर करत आलो, असं काकांनाही पहिल्यांदाच वाटलं.

तुकडा लाखेचं सील लावून जप्त झाला. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. टपाल कक्षासाठी दैनंदिन बाळगावयाचा, खिशात मावणारा, घडीचा चाकू निवडण्याकामी समिती गठित करण्यात येत आहे. निवड होईपर्यंत कोणतेही टपाल कोणत्याही साधनाने उघडण्यात येऊ नये. काका शिस्तीचे. परिपत्रक त्यांनी स्वतःच्या हातांनी खोलीच्या दारावर चिकटवलं, चारही कोपरे अंगठ्यानं दाबले, आणि आत जाऊन हातावर हात ठेवून बसले.

बुधवारी त्यांच्या बायकोचा फोन आला. ती आणि काकांची आई दुसऱ्या गावी राहत, सात तासांच्या अंतरावर. काका सहा वर्षं तिकडे बदली मागत होते आणि सहा वर्षं एका भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर भात शिजवत होते.

"अहो, हुकूम निघाला!" ती म्हणाली. "मुख्य कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं. पोत्यातून पाठवलाय. चारशे बारा नंबरचं पोतं. तीस तारखेच्या आत इथं रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. आणि मूळ कागदच लागतो, नक्कल चालत नाही."

काकांनी मान वळवली. खिडकीखाली, भिंतीला टेकून, चारशे बारा उभं होतं.

"दिसतंय मला," ते म्हणाले.

"मग उघडा की!"

"चाकू नाही."

"अहो, परवापर्यंत उघडत होतात ना कशानं तरी?"

"ते मंजूर नव्हतं गं."

मग ती म्हणाली, "आईंनी खिडकीजवळची खाट तुमच्यासाठी मोकळी केलीय. आजपासूनच आत निजणार म्हणतात. म्हटलं, सांगावं."

समितीत चौघं होते. अध्यक्ष मोठे साहेब, सदस्य सुरक्षा अधिकारी, सदस्य भांडारपाल आणि तज्ज्ञ सदस्य म्हणून आकडेवारी विभागातले एक सहायक, ज्यांना सगळे पातेराव म्हणत. वय पंचेचाळीस. पातेरावांच्या अंगावर कोणत्याही वेळी पाच चाकू असत. त्यातला एक मोज्यात. चाकूंचे व्हिडिओ पाहण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि प्रत्यक्षात त्यांनी आजवर एक बिस्किटाचा पुडा कापला होता, तोही व्हिडिओसाठी. काकांना बैठकीत 'वापरकर्ता, मत विचारल्यास' म्हणून दारापाशी स्टूल मिळालं.

"पहिली गोष्ट," पातेराव म्हणाले, "एव्हरीडे कॅरी, म्हणजे दैनंदिन बाळगणं, ही वस्तू नाही, ती जीवनपद्धती आहे. काका, चाकूमागची तुमची भूमिका काय?"

"सुतळी कापायचीय."

"ते काम झालं. भूमिका?"

काकांनी खूप आठवून पाहिलं. इतिवृत्तात 'वापरकर्त्याची भूमिका अस्पष्ट' अशी नोंद झाली.

मग पोलादाचा विषय निघाला. पातेरावांच्या मते समुद्राच्या पाण्यातही न गंजणारं पोलाद हवं. समुद्र इथून किती लांब आहे, असं भांडारपालांनी विचारलं. लांब आहे हे पातेरावांनी मान्य केलं, पण चाकू दैनंदिन बाळगायचा आहे आणि माणूस रजेवर कुठंही जातो, असं निदर्शनास आणलं. त्यावर काकांच्या मागच्या दहा वर्षांच्या रजा तपासायचं ठरलं. सगळ्या रजा बायको-आईकडे जाण्यासाठी होत्या. त्या गावाला नदी आहे का, याचा अहवाल मागवून बैठक आठवडाभर पुढे गेली.

दुसऱ्या बैठकीत उघडण्याची पद्धत आली.

"एका हातानं उघडणारा घ्या," पातेराव म्हणाले. "अंगठ्यानं खटका सरकवला की पातं बाहेर. दुसरा हात मोकळा."

"कार्यालयीन वेळेत कर्मचाऱ्याचा हात मोकळा?" सुरक्षा अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "त्या हाताचं काय करायचं?"

"दोन्ही हातांनी उघडणारा घेऊ," भांडारपाल म्हणाले.

"मग पार्सल कोण धरणार?"

पार्सल धरण्यासाठी एक पद निर्माण करण्याचा प्रस्ताव वर गेला. त्याचं उत्तर टपालानं येणार होतं आणि टपाल बंद होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्याच्या लक्षात आलं त्याला मत विचारलेलं नव्हतं.

हे चालू असताना मोठे साहेब सफरचंद सोलत होते. खिशातून घडीचा चाकू काढायचा, साल एका लांब फितीत उतरवायची आणि फोडी स्वतःच खायच्या, असा त्यांचा साडेतीनचा रिवाज होता. भांडारपाल आपल्या चाकूनं नखं कोरत होते. सुरक्षा अधिकाऱ्यांनी पेन्सिलला टोक काढलं, स्वतःच्या चाकूनं. पातेरावांचं तर विचारायलाच नको. खोलीत एकूण आठ चाकू होते आणि चाकू नाही म्हणून बैठक भरली होती.

त्या दिवशी वीस तारीख होती. काकांनी जीव मुठीत धरून तोंड उघडलं. "साहेब, आपला हा चाकू पाच मिनिटं मिळाला तर... एकच पोतं आहे. माझ्या बदलीचा हुकूम आहे त्यात."

साहेब दुखावले. "काका, हा माझा खासगी चाकू. खासगी चाकूनं कार्यालयाची सुतळी कापायची? आज तुम्ही सुतळी म्हणाल, उद्या लोक म्हणतील साहेबांनी टपालच कापलं." त्यांनी एक फोड तोंडात टाकली. "आणि तुमच्यासाठीच तर चाललंय सगळं."

काकांना स्वतःची लाज वाटली. सगळे आपल्यासाठी राबताहेत आणि आपण मध्येच हात पसरतोय, असं मनात येऊन ते स्टुलावर आणखी कडेला सरकले.

तिसऱ्या बैठकीला खरी प्रगती झाली. सुरक्षा अधिकारी पूर्ण तयारीनिशी आले होते.

"अपघात कशामुळे झाला?" त्यांनी विचारलं. "धारेमुळे. आणि आपण पुन्हा धारेचाच चाकू घेतोय. उद्या परत अंगठा कापला तर जबाबदार कोण?"

सगळ्यांनी आपापल्या अंगठ्याकडे पाहिलं. 'धार पुढील टप्प्यात विचारात घ्यावी' असा ठराव एकमतानं झाला. धार गेल्यावर टोक कशाला, म्हणून टोकही गेलं.

"आता सांगा," सुरक्षा अधिकारी पुढे म्हणाले, "चाकू उघडा असताना जास्त धोका, की मिटलेला असताना?"

"उघडा असताना," भांडारपाल म्हणाले.

"मग तो उघडायचाच कशाला?"

आता पातेराव तरी उसळतील असं काकांना वाटलं. पण पातेरावांचे डोळे भरून आले होते. "मी हेच सांगत आलोय इतकी वर्षं," ते म्हणाले. "खरा शौकीन चाकू उघडतच नाही. उघडला की बिजागरी झिजते, पात्यावर ओरखडे येतात. चाकू असतो तो बाळगायला."

असं सगळं जुळून आलं. घडीचा चाकू, कायम घडीत, बिजागरीवर दोन रिव्हेट ठोकून पक्का केलेला, गळ्यात अडकवायला निळी दोरी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, पण इथं वाळाही वाजणार नाही याची काळजी घेतली होती. चाकू पार्सलनं मागवू नये, एवढं शहाणपण भांडारपालांनी दाखवलं. दुकानदार स्वतः घेऊन आला.

तोवर टपाल खोलीत पोती छताला टेकली होती आणि काकांची खुर्ची बाहेर बोळात आली होती. बोळातच नागरिकांची खिडकी होती. कुणाला जन्माचा दाखला हवा होता, कुणाला मृत्यूचा, आणि सगळे कागद पोत्यात. रांग रोज लांबत होती. तरीही लोक समजूतदार होते. "घाई करून चालत नाही," ते एकमेकांना सांगत. "पद्धत असते एक."

एकोणतीस तारखेला काकांचं चाकू हाताळणीचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. तीस तारखेला सकाळी दहाला चाकू-प्रदान समारंभ. साहेबांनी काकांच्या गळ्यात चाकू घातला, फोटो निघाला, साहेब कार्यसंस्कृतीवर पन्नास मिनिटं बोलले आणि मग पातेराव निवडीच्या प्रवासावर जेवणाच्या सुटीआधी आणि नंतरही बोलले. काका पहिल्या रांगेत घड्याळाकडे बघत बसले होते. उठून जाणं शिस्तीत बसत नव्हतं.

ते सुटले तेव्हा सव्वाचार झाले होते. पोत्यांवरून चढत, ढोपरं खरचटत ते चारशे बारापाशी पोचले. मिटलेला चाकू त्यांनी गाठीवर घासला. मग गाठीखाली खुपसून उचकटून पाहिला. सुतळीचा एक धागाही तुटला नाही. काकांचा तोल गेला. एकोणतीस वर्षांत त्यांना कार्यालयात राग आला नव्हता, तो सगळा आत्ता आला. चाकू त्यांनी पाठीवर भिरकावला, तो दोरीला लोंबकळत राहिला, आणि त्यांनी सुतळीचं टोक दोन्ही हातांनी धरून जीव खाऊन खेचलं.

गाठ अलगद सुटली. सरकगाठ होती. पोत्याचं तोंड आपोआप पसरलं आणि सर्वांत वर एक छापील चिठ्ठी निघाली, 'सुतळी कापू नये. टोक ओढल्यास गाठ सुटते.' ही चिठ्ठी गेली अकरा वर्षं प्रत्येक पोत्यात येत होती. काका पोतं कापायचे, चिठ्ठी न वाचताच बाजूला काढून फाडायचे आणि कामाला लागायचे.

हुकूम चिठ्ठीच्या खालीच होता. तीस तारखेला कार्यालयीन वेळ संपण्यापूर्वी रुजू व्हावे. घड्याळात चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

त्यांनी बायकोला फोन लावला आणि सगळं सांगितलं. गाठीचंही.

"मग इतके दिवस हातानं ओढून का नाही बघितलंत?" तिनं विचारलं. रागानं नाही, खरंच कळेना म्हणून.

"सुचलंच नाही गं," काका म्हणाले. "तिथं कापायचं असतं."

"आईंना काय सांगू? सकाळपासून खाटेची चादर तीनदा झटकलीय त्यांनी."

चारशे बारावर बसून काका लहान मुलासारखे रडले, आणि पाठीवरून पुन्हा पुढे आलेला गळ्यातला चाकू हुंदक्यागणिक सदऱ्याच्या बटणांवर आपटत होता.

दुसऱ्या दिवशी तक्रार आली. खाली सही 'एक जागरूक नागरिक'. मजकूर असा: मंजूर चाकू गळ्यात असताना सदर कर्मचाऱ्याने तो न वापरता पोते हाताने उघडले, शिवाय रांगेतील नागरिकांचे कागद पडून असताना स्वतःचे पोते आधी उघडले. रांगेतल्या एकशे बारा जणांनी तिच्यावर सह्या केल्या होत्या. त्यातल्या कित्येकांनी त्या सहीसाठी रांगेतला नंबर घालवला.

काका निलंबित झाले. हात हे मंजूर साधन आहे किंवा कसे, हे ठरवायला नवी समिती नेमली आहे आणि तोवर कर्मचाऱ्यांनी हात खिशात ठेवावेत असा तोंडी आदेश आहे. साहेब, सुरक्षा अधिकारी, भांडारपाल आणि पातेराव समितीत आहेतच. यावेळी लोकांचा सहभाग हवा म्हणून सामान्य नागरिकाची एक जागा ठेवली आहे. त्यासाठी अर्ज मागवलेले नाहीत. हे सगळं वाचताना 'तरी पण काकांनी निदान एक लेखी विनंती करायला हवी होती' असं ज्याच्या मनात येऊन गेलं, त्यानं आपली निवड झाली असं समजावं.