मावशीले लंगडू देऊ नका!

विमानात उत्तम जागा मिळवणं हे एक शास्त्र आहे आणि देऊळगाव राजा तालुक्यात ते अवगत असलेला मी एकमेव इसम आहे, असं मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. या प्रवासाआधी विमानात मी एकदाच बसलो होतो. मधली खुर्ची होती, पाठीमागे संडास होता आणि दोन्ही बाजूंची माणसं माझ्या खांद्यावर झोपली होती. पण शास्त्र चुकांतूनच पुढे जातं!

तसा मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. विद्यार्थी तीन आहेत.

या वेळी प्रश्न सासूबाईंचा होता. सासूबाई म्हणजे लोणार तालुक्यातल्या बीबी गावच्या मंजुळाबाई. धाकटी मेहुणी प्रतीक्षा बंगळुरूला असते आणि गुरुवारी सकाळी तिचं सिझर ठरलं होतं. पहिल्या बाळंतपणाला सासूबाई रेल्वेने गेल्या. पाय दुमडून एक दिवस, एक रात्र! गुडघा असा आखडला की पोचल्या त्या थेट अंथरुणावर. आठ दिवस ओली बाळंतीण आईला पेज भरवत होती!

"अवंदा आई आपल्या पायानं घरात शिरली पाह्यजे," माझी बायको सुवर्णा म्हणाली. "तुमाले लय समजते ना इमानातलं?"

मी तडक बसस्टँडसमोर हरिओमकडे गेलो. हरिओमच्या दुकानावर 'झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा व स्वस्त विमान' अशी पाटी आहे.

"सर, तुमी काऊन टेन्शन घेऊन राह्यले?" हरिओम म्हणाला. "स्वस्त तिकिटाले शेवटची लाईन भेटते, हे खरं. पण मी आतून करतो. बारा नंबरची लाईन! समोर एवढी जागा की मावशीनं पाय लांब करून गहू निवडावा!"

"मग ती सगळेच का घेत नाहीत?"

"तिथं इमर्जन्सीचं दार असते. बसणारा धडधाकट लागते, दार उघडता आलं पाह्यजे. म्हातारे, आजारी, हातपाय दुखणारे बिलकुल चालत नाहीत."

"अरे, गुडघा दुखतो म्हणूनच तर जागा पाहिजे!"

"आधारवर वय एकोणसाठच हाये ना? झालं तं मंग! फक्त," हरिओमने आवाज खाली आणला, "मावशीले लंगडू देऊ नका."

म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला सोयीची विमानात एकच जागा आणि ती फक्त न दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी राखीव! हा पेच मी तिन्ही विद्यार्थ्यांना घातला. दोघं उठून गेले.

घरी आठ दिवस तालीम चालली. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सासूबाई दात-ओठ खाऊन सरळ चालायच्या आणि मी घड्याळ लावायचो. चालणं जमलं. अडचण वेगळीच होती.

"आई, गुडघा हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"मंग काय म्हनू, जवाईबापू?"

"काहीच म्हणू नका!"

"अन कोनी इचारलं तं?"

"अनोळखी माणूस कशाला विचारेल?"

"मी सांगतली की इचारतेत," सासूबाई म्हणाल्या.

खरं होतं ते. अकरा वर्षांत त्यांनी गुडघ्याची हकीकत न सांगितलेला माणूस लोणार तालुक्यात उरला नव्हता. वीजबिल वाटणाऱ्याला एक्स-रे दाखवला होता!

बुधवारी दुपारी आम्ही संभाजीनगरच्या विमानतळावर उतरलो. सासूबाई एनसीसीच्या कॅडेटसारख्या ताठ. कपाळावर घाम, चेहऱ्यावर हसू. मी मनातल्या मनात हरिओमला धन्यवाद देत होतो, तेवढ्यात एक माणूस चाकांची खुर्ची ढकलत आला आणि ओरडला, "मंजुळाबाई काकड! व्हीलचेअर!"

मी हरिओमला फोन लावला.

"ते मीच टाकलं सर! फुकट असते. लाईनीत उभं राहा लागत नाही."

"अरे शहाण्या, तू एकाच बाईला धडधाकटही लिहिलंस आणि अपंगही?"

"काही होत नाही सर. दोन्ही फॉर्म वेगळे असतेत."

खुर्चीवाला हटेना. आम्ही पुढे, तो मागे. लग्नात नवरदेव पायी निघावा आणि मागून रिकामा घोडा यावा, तशी आमची वरात निघाली! लोक वळून पाहू लागले. सासूबाईंची नजर खुर्चीवरून हलेना. गुळाच्या ढेपेकडे मुंगीने पाहावं तसं त्या पाहत होत्या.

"जवाईबापू, घडीभर टेकू का?"

"अजिबात नाही! टेकलात की बारावी रांग गेली!"

"किसी को तो बैठना पड़ेगा साहब," खुर्चीवाला म्हणाला. "मेरे को साइन लगता है. मंजुळाबाई कौन है?"

तर्कशास्त्राने मला एकच मार्ग दाखवला. मी हात वर केला आणि खुर्चीत बसलो! त्याने माझ्या मिशांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि सही घेतली. अशा रीतीने अठ्ठेचाळीस वर्षांचा निरोगी प्राध्यापक खुर्चीत आणि गुडघा गेलेली सासू शेजारून पायी, असे आम्ही विमानात सर्वांच्या आधी पोचलो. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "बघा, या वयात जावयाचं करावं लागतंय बिचारीला!"

दाराशी हवाईसुंदरी उभी होती. तिने मला खुर्चीतून उतरताना पाहिलं आणि माझं तिकीट पाहिलं. बारा ब.

"सर, आप वहाँ नहीं बैठ सकते. आप तो चल नहीं पाते."

"मी चालतो! हे बघा!" म्हणून मी चालून दाखवलं. घाईत पाय अडखळला.

मला चौदाव्या रांगेत बसवलं. बारा 'अ'वर सासूबाई एकट्या. त्यांचा अंबाडा तेवढा मला दिसत होता. बाकी विमानाकडे पाहायचं मला भानच नव्हतं.

सुंदरी त्यांच्यापाशी वाकली. "माताजी, ज़रूरत पड़ी तो ये दरवाज़ा खोलेंगी?"

"हाव बाई! घर के ढोर भी हमच सोडते!"

मी सुटकेचा श्वास सोडला. दार बंद झालं. आता विमान हललं की जिंकलो! प्रतीक्षाची आई उद्या स्वतःच्या पायांवर दवाखान्यात उभी राहणार!

तेवढ्यात माझ्या पुढून एक लठ्ठ गृहस्थ उठले. "मॅडम, वो आगेवाली सीट मुझे दीजिए ना. घुटने का प्रॉब्लम है. चार महिने से."

"सॉरी सर, घुटनेवालों को वो सीट नहीं मिलती."

अंबाडा हलला.

नाही आई, नाही! मी मनात ओरडलो.

अंबाडा वळला. "किती म्हने? चार महिने?"

"हो मावशी, फार त्रास..."

"चार महिन्याले गुडघा म्हनते का भाऊ!" सासूबाई उभ्या राहिल्या. "अकरा वर्सं झाले मले! वाटी पार झिजली! जालन्याच्या डाक्टरनं हात टेकले!" आणि लुगडं वर करून त्यांनी गुडघ्याचा पट्टा भर विमानात सादर केला. "हे पाह्य भाऊ! याले म्हनतेत गुडघा!"

गृहस्थ गप्पकन खाली बसले.

"माताजी," सुंदरी थक्क होऊन म्हणाली, "आपने तो बोला था, दरवाज़ा खोलेंगी!"

"मंग? दार हातानं उघडते का गुडघ्यानं?"

या युक्तिवादात मला आजही खोट सापडलेली नाही. सुंदरीला मात्र तो पटला नाही. तिने सासूबाईंचा दंड धरला आणि त्यांना मागे, मागे, अगदी शेवटच्या रांगेकडे नेलं. जाताना त्या मोकळेपणाने लंगडत होत्या. मी डोळे मिटून घेतले. मधली खुर्ची, पाठीमागे संडास, दुमडलेला पाय! आता सुवर्णाला कोणत्या तोंडाने फोन करायचा?

पट्टे बांधायचा दिवा विझल्यावर मी धीर करून मागे गेलो. सासूबाई तीन खुर्च्यांवर आडव्या होऊन, पाय सरळ ताणून, घोरत होत्या.

विमानात एकशे ऐंशी खुर्च्या होत्या. प्रवासी एकसष्ट.